पेट्रोल संपल्यानंतरचा दीड तास

काकाजी,

पुस्तकं सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात. तुमच्या या शेवटच्या कादंबरीच्या शेवटच्या फर्म्यात आठ पानं कोरी राहत होती. प्रकाशकांनी ती मला दिली आणि म्हणाले, "काकाजींवर काहीतरी लिहा, बाई. शनिवारपर्यंत." तुमचा जन्म, शिक्षण, महायुद्धात चालवलेली विमानं, आधीच्या सात कादंबऱ्यांची नावं, हे सगळं मलपृष्ठावर फोटोखाली आलं आहे. ते मी पुन्हा लिहीत नाही. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ती तुम्ही असतानाच सांगायला हवी होती. आठ पानं पुरतील की नाही याची सकाळपासून काळजी लागली आहे, म्हणून वेळ न घालवता सुरुवात करते.

तुम्हाला जाऊन आज तेवीस दिवस झाले. तुमच्याकडची वाचनालयाची अकरा पुस्तकं मी परत नेली. नकाशांच्या पुस्तकातलं ब्रह्मदेशाचं पान निखळलं होतं, ते चिकटवलं. चष्मा काकूंच्या कपाटात ठेवला. पेन्सिली छत्तीस निघाल्या, सगळ्या दोन्ही टोकांना तासलेल्या. त्या काकूंनी मला दिल्या. केळीच्या बागेचं काकूंच्या माहेरच्यांनी पाहायचं ठरलं. ही यादी मी जुन्या कॅटलॉग-कार्डाच्या मागे केली होती आणि एकेक काम खोडत गेले. शेवटचं काम खोडायचं राहिलं आहे. तिथे एवढंच लिहिलंय : "काकाजींना सांगणे."

तुमची-माझी पहिली भेट भांडणानंच झाली होती, आठवतं? बांगलादेशच्या युद्धाचे दिवस. सेलूच्या वाचनालयाच्या खिडक्यांना मी काळा कागद लावला होता, अगदी मोजून-मापून. संध्याकाळी तुम्ही आत आलात, डोक्याला मफलर, हातात केळ्यांची फणी. मला वाटलं वर्गणी भरायला आलात.

"बाई, कागद फार सुरेख लावला तुम्ही."

मी खूश झाले.

"पण दार सताड उघडं आहे. वरून पाह्यलं तर अख्खं सेलू नाही दिसणार, तुमचं वाचनालय तेवढं दिसन. शत्रूले पत्ता विचारायचं काम नाही."

मी चिडून म्हटलं, दार लावलं तर वाचक कसे येतील? तुम्ही म्हणालात, "तेही खरंच आहे," आणि फणी टेबलावर ठेवून नकाशांचं कपाट कुठे आहे ते विचारलंत. त्या दिवसांत सगळं गाव तुम्हाला अडवून विचारायचं, पायलटसाहेब, विमान इकडे येईन का? तुम्ही प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचात : "सेलूत पाहाण्यासारखं आहे तरी काय, बापा? केळीच तर आहेत." लोक हसायचे आणि निवांत घरी जायचे. लोकांची भीती घालवण्याची ही तुमची रीत मी तेव्हाच टिपून ठेवली. मला स्वतःला ती कधी जमली नाही. मी भ्याले की यादी करते.

पुढच्या वर्षी तुम्ही शाळेच्या वहीत पेन्सिलीनं लिहिलेली पहिली कादंबरी घेऊन आलात. प्रकाशकांनी ती परत पाठवली होती. कारण कादंबरी वाईट आहे हे नव्हतं, अक्षर वाचता येत नाही हे होतं. मी वही उघडली आणि मलाही वाचता येईना. एकाही शब्दाला शिरोरेषा नव्हती. बारीक, उजवीकडे पळत सुटलेली अक्षरं, जणू कोणी मांडीवर कागद ठेवून धावत्या बैलगाडीत लिहिलंय.

"मांडीवरच लिहायची सवय आहे," तुम्ही म्हणालात. "एका हातात विमान, एका हातात पेन्सिल. वरची रेघ द्यायला वेळ कुठे असतो वर?"

मी ती वही घरी नेली. पहिल्या पानाला चार दिवस लागले, शेवटच्या पानाला दहा मिनिटं. तेव्हापासून सात कादंबऱ्यांच्या मुद्रणप्रती मी तयार केल्या, आणि तुमचं अक्षर वाचणारी या जिल्ह्यात मी एकटी उरले. काकूसुद्धा तुमची बाजाराची चिठ्ठी माझ्याकडे पाठवायच्या.

आपली कामाची वाटणी पहिल्याच पुस्तकात ठरली. चौथ्या प्रकरणात आपल्या नायकाचा, यशवंतचा डावा हात मोडतो आणि सहाव्यात तो दोराला धरून कडा चढतो, हे मी दाखवलं तेव्हा तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. "हातापायांचं तुम्ही पाहा, बाई. विमानाचं मी पाहतो." मग मी याद्या ठेवू लागले. कोणाच्या अंगात काय कपडे आहेत, कोणाला कुठे जखम आहे, दाढी कधी वाढली, कुत्र्याचं नाव काय. पण तुम्ही मला विमानाचंही शिकवलंत. वहीच्या मागच्या पानावर आपण तक्ता आखायचो : उड्डाण किती वाजता, वारा कुठून, पेट्रोल किती तासांचं, संपणार किती वाजता. तुम्ही सांगायचात, मी लिहायची. सकाळी केळीची पानं कोणत्या बाजूनं फाटली आहेत ते पाहून तुम्ही वाऱ्याचा जोर सांगायचात आणि मी तो खोटा ठरवायचा प्रयत्न करायची. मला ते एकदाही जमलं नाही.

"माणूस खोटं बोलते, यंत्रही कधीमधी खोटं बोलते," तुम्ही म्हणायचात, "पण पेट्रोल खोटं नाही बोलत. जेवढं आहे तेवढंच आहे."

सात पुस्तकांत पेट्रोलच्या हिशेबात एक मिनिटाची चूक झाली नाही. मी प्रत्येक वेळी पडताळून पाहिलं आहे. हातापायांच्या चुका भरपूर. सात पुस्तकांत एकही बाई नाही, ही माझी कायमची तक्रार; त्यावर "बिनतारी यंत्रावर जो आवाज येते तो बाईचाच आहे, मी फक्त सांगतलं नाही," हे तुमचं कायमचं उत्तर. हा वाद अर्धवटच राहिला. मी अजून मानलेलं नाही.

आता आठवं पुस्तक.

वह्या तुम्ही उन्हाळ्याच्या शेवटी दिल्यात. तोपर्यंत तुम्ही थकला होता. जिना चढताना दोनदा थांबायचात आणि दोन्ही वेळा वाऱ्याकडे पाहायला थांबल्यासारखं दाखवायचात. एकदा मला काकूंच्या नावानं हाक मारलीत. एकदा छत्री विसरून गेलात आणि दुसऱ्या दिवशी ती शोधायला पोस्टात गेलात. मी या गोष्टी लिहून ठेवत होते. कशासाठी ते मला ठाऊक नव्हतं, पण तुमच्याबद्दलची काळजी वाढली की कार्डावरच्या ओळी वाढायच्या.

वह्या वाचल्यावर मी नेहमीसारखी चुकांची यादी केली. चौदा निघाल्या. आपण तुमच्या ओसरीवर बसलो होतो. तुम्ही तेरा चुका मान्य केल्यात, काही तर हसत हसत. नववी राहिली.

"नऊ नंबर सोडून द्या," तुम्ही म्हणालात.

"नऊ नंबर कसा सोडायचा, काकाजी? यशवंतच्या दोस्ताचं, भास्करचं विमान सव्वाअकराला सुटतं. पेट्रोल साडेतीन तासांचं. पावणेतीनला ते संपतं. आणि विमान परत येतं सव्वाचारला. मधला दीड तास ते कशावर उडतं?"

"वाऱ्यावर."

"वारा समोरून आहे. तुम्हीच अकराव्या प्रकरणात लिहिलंय."

"मंग देवाच्या दयेवर."

"तुमच्या पुस्तकात देव पहिल्यांदाच आला म्हणायचा. आणि दुसरी गोष्ट. यशवंत या वेळी उडतच नाही. धावपट्टीवर वही घेऊन नुसता उभा आहे. नायकानं उभं राहून कसं चालेल?"

तुम्ही हसाल असं मला वाटलं होतं. तुम्ही उठलात. तुम्ही माझ्याशी बोलताना निम्मं पुस्तकी बोलायचात, पण रागावलात की तुमची बोली पूर्ण आपल्या इकडची व्हायची.

"बाई, सात खेपा तुमचं आयकलं. हात मोडला म्हनलं, मोडला. दाढी वाढली म्हनलं, वाढली. एक खेप तरी येऊ द्या ना त्याले. काऊन अडवून राह्यल्या तुम्ही?"

आणि आत निघून गेलात. काकूंनी आणलेला चहा मी एकटीनं प्यायला.

मी वाटेत विचार केला. सात पुस्तकं ज्या माणसानं पेट्रोलचा थेंबन् थेंब मोजला, तो आता दीड तासाची चूक करतो आणि दाखवली तर चिडतो. छत्री, पोस्ट, काकूंचं नाव. मला वाटलं, तुमचं डोकं थकलं. हे मी आज तुमच्यापुढे पहिल्यांदा कबूल करते. मला तुमची कीव आली, काकाजी. आणि कीव आली की माझ्यासारखी बाई गप्प बसत नाही, ती आवराआवर करायला लागते.

मुद्रणप्रत करताना शेवटच्या प्रकरणाशी मी दोन दिवस थांबले. छापून आल्यावर वाचक पत्रं पाठवतील, पायलटसाहेबांना पेट्रोलचा हिशेब येत नाही म्हणून हसतील, ही भीती मला झोपू देईना. तिसऱ्या दिवशी मी शेवट बदलला. पावणेतीन वाजतात, विमान येत नाही. यशवंत आणखी थोडा वेळ थांबतो, मग वहीत लिहितो : "परतले नाही." पुढे शोधपथक जातं, जंगलात काही सापडत नाही. तुमची भाषा मला बारा वर्षांत पाठ झाली होती. छोटी वाक्यं, विशेषणं नाहीत. लिहून झाल्यावर मी ते वाचलं आणि खरं सांगायचं तर मला स्वतःचा अभिमान वाटला.

रजिस्टरनं पुडकं पाठवून मी तुमच्याकडे आले. तुम्ही खाटेवर होता. राग विसरला होता, किंवा विसरल्यासारखं दाखवत होता.

"गेलं का?"

"गेलं."

"सगळं जसंच्या तसं उतरवलं ना, बाई?"

मी "हो" म्हटलं.

तुम्ही डोळे मिटून मान हलवलीत. प्रुफं येतील तेव्हा सांगू, असं मी मनाशी ठरवलं. तोपर्यंत तुम्हाला जरा बरं वाटेल, मग शांतपणे तक्ता पुढे ठेवू, तुम्ही चिडाल आणि शेवटी "तेही खरंच आहे" म्हणाल. मी तारीखसुद्धा ठरवली होती. दसरा झाल्यावरचा सोमवार. तुम्ही त्याच्या आधीच्या गुरुवारी गेलात.

त्या दिवसाबद्दल मी लिहीत नाही. माझ्या हातून पाणी पाजायचं राहिलं नाही, एवढं पुरे.

अकराव्या दिवशी काकूंच्या नावानं प्रकाशकांचं पत्र आलं. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. "वाच वं बाई. माह्या डोयाले दिसून नाई राह्यलं."

मी वाचू लागले. दुखवटा, आठवणी, शेवटचा फर्मा या आठवड्यात छपाईला जाईल. आणि मग : "काकाजींनी आजवर असा शेवट लिहिला नव्हता. भास्करचं विमान परत येत नाही आणि यशवंत वहीत तशी नोंद करतो, ते पान आमच्या इथे सगळ्यांनी दोनदा वाचलं."

काकूंनी मान वर केली. "काय म्हनलं? येत नाई?"

"नाही, काकू."

"असं कसं? येते म्हनत होते हे. मले सांगतलं ना ह्यायनं. या खेपी आणतो म्हनले त्याले."

"कोणाला?"

"अवं, फिलिपले."

काकाजी, बारा वर्षांत मी तुमच्या तोंडून हे नाव ऐकलं नव्हतं. काकूंना वाटत होतं की मला ठाऊक आहे. तुमचं सगळं मलाच तर ठाऊक असायचं. त्यांनी ते शेजारणीची गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

"ह्यायच्या संगं होता तो ब्रह्मदेशाकडं. एका ताटात जेवत दोघं. एक दिवस तो वर गेला अन् ह्यायची पाळी खाली होती, पट्टीवर. वही ह्यायच्या हातात. तिथं कायदाच तसा होता म्हनत. पेट्रोल सराची वेळ झाली की लिहाच लागे, आला नाई म्हनून. हे म्हनत, अजून थांबतो. मोठा साहेब म्हने, कायले थांबतो, गणित येत नाई का तुले? मंग लिहून टाकलं ह्यायनं. लिहिलं, अन् सारे जेवाले गेले. हेही गेले. भूक लागलती म्हनत. पोटभर जेवलो म्हनत."

"आणि फिलिप?"

"तो कायचा येते? तो नाई, त्याचं विमान नाई. पन ह्यायच्या मनात राह्यलं ते. मी थांबाले पायजे होतो म्हनत, लिहाले नोको होतं. तू पाह्यलं नाई काय, जेवाले बसाच्या आंधी आंगनात जात अन् वर पाह्यत? चाळीस वर्स ताट वाढून वाट पाह्यली मी."

मी पाहिलं होतं. शंभरदा पाहिलं होतं. मला वाटायचं तुम्ही वारा पाहता.

पत्र माझ्या हातात होतं आणि त्यात माझं वाक्य होतं. "परतले नाही." ज्या दोन शब्दांसाठी तुम्ही चाळीस वर्षं आभाळाकडे पाहत जेवलात, ते मी पुन्हा एकदा तुमच्या वहीत लिहून टाकले होते. वर तेच गणित दाखवून, त्या मोठ्या साहेबासारखं. तुमचं डोकं थकलं नव्हतं. त्या दीड तासात पेट्रोल नाही हे तुमच्याइतकं या जगात कोणालाच ठाऊक नव्हतं.

काकू म्हणाल्या, "काय झालं? तू काऊन अशी उठली?"

मी म्हटलं, "काकू, फर्मा थांबवायला पाहिजे."

पोस्टातून प्रकाशकांना नागपूरला ट्रंक कॉल लावला. एक तास लागेना. दुसऱ्या तासाला लागला, तर पलीकडून कोणी उचलेना. पोस्टमास्तर म्हणाले, बाई, तार करा. तारेत काय लिहू? "शेवट चुकीचा" लिहिलं तर ते प्रुफं पाहत बसतील. "छपाई थांबवा" लिहिलं तर कारण विचारतील. मी तार केली तरीही, आणि ती पोचणार नाही असं धरून दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसमध्ये बसले. पिशवीत तुमची शेवटची वही, तिला प्लॅस्टिकचा कागद, त्यावर टॉवेल. केळझरला गणपतीला जाणारी माणसं चढली-उतरली आणि बस तिथेच पंधरा मिनिटं थांबली. मी वाहकाला तीनदा विचारलं. तो म्हणाला, "बाई, घाई असन तर खाली उतरून ढकला." नागपूर येईपर्यंत मी मनात हिशेब करत होते : एका फर्म्याच्या हजार प्रती छापायला किती वेळ लागतो, सुट्टी कधी होते, आज चालू केलं असेल की काल. तुम्ही धावपट्टीवर उभे असाल तेव्हा असंच काहीतरी मनात चाललं असेल. मी यापेक्षा जास्त त्याबद्दल बोलू शकत नाही.

तार पोचली नव्हती. प्रकाशक मला पाहून उठून उभे राहिले. "अरे बाई, तुम्ही? खबर तर करायची होती."

मी बसले नाही. सगळं सांगितलं. शेवट कोणी लिहिला, का लिहिला, तुम्हाला मी काय सांगितलं. फिलिपचंही सांगितलं. ते पेपरवेट फिरवत ऐकत होते.

"शेवटचा फर्मा बांधून ठेवला आहे, बाई. दुपारी मशीनवर चढते."

"म्हणजे चढला नाही अजून."

"नाही. पण माझं ऐका. तुमचा शेवट चांगला आहे. मी दहा वर्षांपासून काकाजींची पुस्तकं छापून राह्यलो, असा शेवट त्यांना कधी जमला नाही. आणि तुम्ही म्हणता तो शेवट... पेट्रोल संपलेलं विमान दीड तासानं येते? लोक मले विचारतील. आता काकाजी तर गेले. कोणाले कळणार आहे?"

यात काही खोटं नव्हतं, काकाजी. माझा शेवट तुमच्या शेवटापेक्षा चांगला आहे. मी दोन्ही पुन्हा वाचले आहेत. वाचक म्हणून मी माझाच निवडला असता. म्हणून तर मला इतकी भीती वाटत होती, की ते आणखी पाच मिनिटं बोलले तर मी ऐकेन.

"पुस्तकावर नाव त्यांचं आहे," मी म्हटलं. "माझा शेवट छापायचा असेल तर आतल्या पानावर छापा, की शेवट सेलूच्या ग्रंथपाल बाईंनी लिहिला आणि लेखकाला न सांगता लिहिला. छापता?"

त्यांनी पेपरवेट ठेवला. "गुलाबराव!"

छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवणारे गुलाबराव आले. वयानं तुमच्या बरोबरीचे असतील. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, बोटं शाईनं काळी. त्यांनी तुमची वही हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"हे काय लिपी आहे जी? वरची रेघच नाई."

"हे जुळवून होईल का?" प्रकाशकांनी विचारलं.

"जुळवीन. पण वाचन कोन?"

मुद्रणप्रत करायला वेळ नव्हता. उद्यापासून आठवडाभर गुलाबरावांना कोणाच्या तरी लग्नपत्रिका जुळवायच्या होत्या. मी म्हटलं, मी वाचते, तुम्ही जुळवा. गुलाबरावांनी मला त्यांच्या खणांच्या मांडणीशेजारी स्टूल दिलं. आधी त्यांनी माझी दहा पानं मोडली, एकेक खिळा ज्याच्या त्याच्या खणात टाकला. ते करताना ती पानं वाचत होते बहुतेक, कारण एकदा म्हणाले, "चांगलं होतं की हे." तुमचा शेवट दोनच पानांचा. ही आठ पानं तशी मोकळी झाली, आणि ती भरायची म्हणून लग्नपत्रिका उरकेपर्यंत फर्मा थांबवायचं ठरलं.

मग मी वाचू लागले. मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून. पावणेतीन वाजले. मोठे साहेब म्हणाले, लिही. यशवंतनं वही उघडली आणि पेन्सिल खिशात ठेवली. तो म्हणाला, मी थांबतो. साहेब म्हणाले, पेट्रोल संपलं. यशवंत म्हणाला, मला ठाऊक आहे. सगळे जेवायला गेले. यशवंत उभा राहिला.

हे मी उन्हाळ्यात वाचलं होतं, आणि समोर नऊ नंबर लिहिला होता.

गुलाबरावांचे हात भराभर चालत होते. मध्येच थांबले.

"बाई, मांगच्या पानावर तर पेट्रोल सरलं ना? मीच जुळवलं ते."

"हो."

"मंग हे विमान येते कायच्यावर?"

तक्ता मला पाठ होता. वारा समोरून होता. बाजूला प्रकाशक दारात उभे राहून ऐकत होते. त्यांना हवं ते कारण गुलाबरावांनी त्यांच्या हातात आणून दिलं होतं.

"ते मला माहीत नाही, गुलाबराव," मी म्हटलं. "पण येतं. तसंच जुळवा."

"लोकं हसतीन."

"हसू द्या."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मला वाटलं, आता हे प्रकाशकांकडे वळतील. ते खणांकडे वळले. मी पुढचं वाचलं. सव्वाचारला आधी कुत्र्यानं मान वर केली. मग आवाज. मग झाडांच्या रेघेवर ठिपका, एक पंख किंचित खाली. खिळे एकामागून एक बसत होते, टक टक टक, आणि मी वाक्य संपायच्या आत गुलाबराव पुढच्याची वाट पाहू लागले होते.

"उतरलं?"

"उतरलं."

"पोट्टा जिता आहे ना?"

मी वही जवळ धरली. तुमचं अक्षर त्या ओळीत फारच पळत होतं, पेन्सिलही फिकी. मी ते वाक्य एकदा मनात वाचलं, मग मोठ्यानं.

"'भास्कर खाली उतरला आणि म्हणाला, काही खायला आहे का?'"

"हाव," गुलाबराव म्हणाले, आणि 'भ'च्या खणात हात घातला.